अन्योन्याश्रय आणि क्रम : फाईल-व्यवस्थेतील एका नियमाची इतिहासपर चिकित्सा

१. प्रास्ताविक

संगणकशास्त्रातील ‘डेडलॉक’ ही संज्ञा आपल्याकडे शिकवताना बहुधा इंग्रजीतच उच्चारली जाते. विद्यार्थ्यास तिची व्याख्या पाठ होते. परंतु तिच्यामागील विचार त्याच्या भाषेत कोठे बसतो, हे त्यास उमगत नाही. ही संज्ञा ज्या दोषाची वाचक आहे तो दोष संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. रेल्वेच्या एकेरी मार्गाने तो अनुभवला होता, आणि भारतीय तर्कशास्त्राने त्याचे प्रकारही नामनिर्देशासह वेगळे काढले होते. प्रस्तुत लेखात या दोषाचा आणि त्याच्या परिहाराचा इतिहास थोडक्यात मांडून, लिनक्स या परिचालन प्रणालीच्या फाईल-व्यवस्थेत २०२३-२४ मध्ये झालेल्या एका दुरुस्तीची चिकित्सा करावयाची आहे. दुरुस्ती आज्ञावलीच्या मोजक्या ओळींची होती. परंतु तिने वीस वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या एका लिखित सिद्धतेतील उणीव उघड केली. यास्तव भाषेच्या अभ्यासकासही तिची दखल घेणे प्राप्त आहे.

विवेचनासाठी उदाहरणे आमगावच्या परिसरातून घेतली आहेत. हा तालुका हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर आहे, १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून नव्या गोंदिया जिल्ह्यात गेला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर येथूनच जवळ असल्याचे मानले आहे. या तिन्ही गोष्टींचा पुढील विवेचनाशी संबंध आहे.

२. एकेरी मार्ग आणि रेल्वेची भाषा

नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा नागपूर ते राजनांदगाव हा मीटरमापी मार्ग १८८२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो रुंदमापी केला आणि पुढे आसनसोलपर्यंत नेला. १८९१ मध्ये तो मालवाहतुकीस खुला झाला. गोंदियाहून आमगाव, सालेकसा, दरेकसा असा डोंगरगडकडे जाणारा आजचा मार्ग तोच होय.

एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील तुकडा एका वेळी एकाच गाडीच्या ताब्यात असावा लागतो. हा नियम तोंडी निरोपावर किंवा तारेवर सोपवला तर काय होते, हे इंग्लंडमध्ये १० सप्टेंबर १८७४ रोजी नॉरिचजवळ थॉर्प येथे दिसून आले. तारेच्या निरोपातील घोटाळ्यामुळे एकाच मार्गावर समोरासमोर सोडलेल्या दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायर यांनी विजेवर चालणारी टॅब्लेट-पद्धती सिद्ध केली. तुकड्याच्या दोन्ही टोकांस यंत्रे असत आणि दोहोंतून मिळून एका वेळी एकच टॅब्लेट बाहेर निघे. ज्या चालकाच्या हाती ती असे त्यासच तुकड्यात शिरण्याचा अधिकार. भारतात हेच कार्य नील यांच्या यंत्रातील गोल टोकनाने दीर्घकाळ केले.

येथे एक भेद ध्यानी ठेवावयास हवा. टोकनामुळे टक्कर टळते. कोंडी टळत नाही. एखाद्या स्थानकात क्रॉसिंगसाठी दोनच रूळजोड्या आहेत, दोन्हींवर पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या उभ्या आहेत, आणि पूर्वेकडील तुकडा पश्चिमेकडे येणाऱ्या गाडीने व्यापला आहे, असे समजू. प्रत्येक चालकाजवळ स्वतःच्या जागेचा रीतसर अधिकार आहे. कोणीही नियम मोडलेला नाही. तरीही उभ्या गाड्यांस पुढचा तुकडा हवा आणि येणाऱ्या गाडीस स्थानकातील रूळ हवा. म्हणून कोणीच हलू शकत नाही. टक्कर कुलपाच्या अभावी होते, कोंडी कुलपांमुळे होते. अधिक मजबूत कुलूप लावून कोंडी सुटत नाही, उलट ती पक्की होते. ती टाळावयाची तर गाड्या कोणत्या क्रमाने सोडाव्यात याचा विचार आधीच व्हावा लागतो.

३. सिग्नलापासून संगणकापर्यंत

संगणकशास्त्राने ही कल्पना रेल्वेपासूनच घेतली, हे शब्दांच्या इतिहासावरून सिद्ध होते. नेदरलँड्सचे गणिती एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांनी सामायिक वस्तू कशी वापरावी याचा विचार करताना ‘सेमाफोर’ ही संज्ञा योजली. हा शब्द ‘चिन्ह’ आणि ‘वाहणारा’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक पदांपासून बनला असून प्रथम दूरसंदेशाच्या मनोऱ्यांसाठी व नंतर रेल्वेच्या हाताच्या सिग्नलांसाठी रूढ झाला होता. डायक्स्ट्रा यांच्या आरंभीच्या डच टिपणांत ‘पी’ आणि ‘व्ही’ या दोन क्रियांचे अर्थ ‘जाणे’ व ‘मोकळे करणे’ असे दिलेले असून ही परिभाषा रेल्वेची असल्याचेही तेथे म्हटले आहे. पुढे त्यांनी ‘पी’चा उलगडा ‘खाली करण्याचा प्रयत्न करणे’ अशा अर्थाच्या एका घडवलेल्या डच शब्दाने केला.

मराठीत ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडीस जाण्याची अनुज्ञा मिळाली. जुन्या सिग्नलाचा आडवा हात खाली झुकला की मार्ग मोकळा असे, म्हणून हा प्रयोग रूढ झाला. डायक्स्ट्रा यांच्या उत्तरकालीन संज्ञेतही खाली येणे हेच प्रवेशाचे चिन्ह आहे. मात्र तेथे खाली येतो तो एक अंक. हा योगायोग म्हणावा लागेल, परंतु शिक्षकाच्या उपयोगाचा आहे. ‘पी’ या निरर्थक अक्षराऐवजी ‘सिग्नल पडणे’ असे म्हटले तर विद्यार्थ्यास क्रियेचा अर्थ तत्काळ कळतो.

‘डेडलॉक’ हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकापासून आढळतो. शेरिडन यांच्या १७७९ च्या ‘द क्रिटिक’ या नाटकात तो आला आहे. संगणकातील या अवस्थेस डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये ‘प्राणघातक मिठी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. १९६८ मध्ये आय.बी.एम.चे हॅवेंडर यांनी मोठ्या परिचालन प्रणालीच्या अनुभवावरून तिचा एक परिहार मांडला : सर्व साधनांस एक ठरावीक क्रम द्यावा आणि प्रत्येकाने त्याच क्रमाने ती मागावीत. १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी कोंडीस आवश्यक अशा चार अटी सांगितल्या. साधन एका वेळी एकासच मिळते. हाती असलेले न सोडता दुसऱ्याची प्रतीक्षा केली जाते. कोणाचे साधन हिसकावून घेता येत नाही. आणि प्रतीक्षा वर्तुळाकार होते. चारांपैकी एक जरी अट मोडली तरी कोंडी होऊ शकत नाही. हॅवेंडर यांचा क्रम चौथी अट मोडतो. सर्वजण एकाच दिशेने चढत असतील तर वर्तुळ पूर्ण होणार कसे?

४. निर्देशिकांची कुलुपे

फाईल-व्यवस्थेत हा प्रश्न विशेष कठीण होतो. फाईली निर्देशिकांत आणि निर्देशिका अन्य निर्देशिकांत, अशी वृक्षाकार रचना मल्टिक्स प्रणालीने १९६० च्या दशकात रूढ केली व युनिक्सने ती सर्वत्र नेली. निर्देशिकेत नवी नोंद घालावयाची तर तीस कुलूप लावावे लागते. अन्यथा दोन प्रक्रिया एकाच जागी लिहून परस्परांच्या नोंदी बिघडवतील. बहुतेक क्रियांस एका निर्देशिकेचे कुलूप पुरते. नामांतराची क्रिया मात्र वेगळी आहे. फाईल एका निर्देशिकेतून दुसरीत न्यावयाची असेल तर दोन्ही निर्देशिका एकाच वेळी ताब्यात असाव्या लागतात. ही स्वतंत्र क्रिया १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत आली. तत्पूर्वी नवा दुवा जोडणे व जुना काढणे अशा दोन टप्प्यांत हे काम होई.

‘गोंदिया’ या निर्देशिकेत ‘आमगाव’ आणि ‘सालेकसा’ अशा दोन उपनिर्देशिका आहेत असे समजू. एक प्रक्रिया आमगावातील फाईल सालेकशात नेत आहे. त्याच क्षणी दुसरी प्रक्रिया सालेकशातील फाईल आमगावात आणत आहे. दोघींनी आपापल्या उगमस्थानास प्रथम कुलूप लावले तर पहिलीच्या हाती आमगाव, दुसरीच्या हाती सालेकसा, आणि दोघी अनंत काळ परस्परांची वाट पाहत राहतील. त्या निर्देशिकांत पुढे येणारी प्रत्येक प्रक्रियाही त्यांच्यामागे अडकेल. यंत्र बंद पडलेले नसते. ते केवळ उत्तर देत नाही.

लिनक्सच्या आरंभीच्या काळात हा प्रश्न तीव्र नव्हता. १९९६ च्या २.० आवृत्तीत अनेक प्रक्रियक एकत्र चालू लागले तेव्हा संपूर्ण गाभ्यास एकच मोठे कुलूप होते. ते हळूहळू फोडण्यात आले आणि २०११ मध्ये पूर्णपणे गेले. कुलुपे लहान झाली तसे कामाचा वेग वाढला; परंतु कुलुपे अनेक झाली म्हणून क्रमाचा प्रश्न उभा राहिला. २.५ या विकासमालिकेत अल व्हायरो यांनी निर्देशिकांच्या कुलुपांचे नियम एका टिपणात लिहून काढले. त्यातील मुख्य नियम असे : निर्देशिका बदलणारे नामांतर करताना संपूर्ण फाईल-व्यवस्थेचे एक नामांतर-कुलूप प्रथम घ्यावे, त्यानंतर दोन निर्देशिकांपैकी एक दुसरीची पूर्वज असेल तर पूर्वजास आधी कुलूप लावावे. या नियमांनी कोंडी होऊ शकत नाही, याची सिद्धताही त्याच टिपणात शब्दांत दिली होती.

नियम शब्दांत लिहिण्यास कारण होते. २००६ मध्ये इंगो मोल्नार प्रभृतींनी कुलुपांच्या क्रमाची नोंद ठेवणारी एक तपासणी गाभ्यात आणली. प्रत्यक्ष कोंडी होण्यापूर्वीच ती क्रमभंग दाखवते. परंतु ही तपासणी कुलुपांस वर्गांनी ओळखते, आणि निर्देशिकांची कुलुपे मूलतः एकाच वर्गातील. त्यांतील पालक कोणते व अपत्य कोणते, हे आज्ञावली लिहिणाराच चिठ्ठी लावून सांगतो. चिठ्ठी खोटी असेल तर तपासणी फसते. सारांश, अखेरचा आधार लिखित सिद्धतेचाच राहतो.

५. २०२३-२४ ची दुरुस्ती

आता एक नवी अडचण पाहू. प्रत्येक निर्देशिकेत आपल्या पालकाकडे निर्देश करणारी एक नोंद असते. आमगाव तालुका १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदियात गेला तेव्हा भंडारा व गोंदिया या दोन दफ्तरांत बदल झालाच, परंतु तालुक्याच्या स्वतःच्या दफ्तरात जेथे ‘जिल्हा : भंडारा’ असे होते तेथेही ‘गोंदिया’ लिहावे लागले. त्याच क्षणी दुसरा कारकून तेच दफ्तर नव्या वहीत उतरवून घेत असेल तर घोटाळा निश्चित. काही फाईल-व्यवस्थांत लहान निर्देशिकेचा मजकूर तिच्या मूळ नोंदीतच साठवलेला असतो आणि तो वाढला की अन्यत्र हलवावा लागतो. तेथे हा घोटाळा प्रत्यक्ष संभवत होता.

यास्तव २०२३ मध्ये यान कारा यांनी असा बदल केला की हलवल्या जाणाऱ्या निर्देशिकेसही कुलूप लावावे. हा बदल ऑगस्ट २०२३ च्या ६.५ आवृत्तीत आला. मूळ अडचण त्याने दूर झाली. मात्र दोन उपनिर्देशिकांस कुलूप लावण्याचा क्रम असा ठरवला होता : एक दुसरीची पूर्वज असेल तर पूर्वज आधी, तसे नाते नसेल तर स्मृतीतील पत्त्यांच्या क्रमाने. हा नियम वाचताना निर्दोष वाटतो. अल व्हायरो यांनी दाखवून दिले की हा मुळात क्रमच नव्हे, कारण तो संक्रामक नाही.

याचा अर्थ तीन निर्देशिका घेऊन स्पष्ट होतो. ‘क’ ही ‘ख’ची पूर्वज आहे, ‘ग’चे दोहोंशी पूर्वज-वंशजाचे नाते नाही. पत्त्यांचा क्रम मात्र ख, ग, क असा आहे. नात्याच्या नियमाने ‘क’ ‘ख’च्या आधी. पत्त्याच्या नियमाने ‘ख’ ‘ग’च्या आधी आणि ‘ग’ ‘क’च्या आधी. म्हणजे प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे पाहिली तर उत्तर निश्चित मिळते, तिन्ही एकत्र ठेवली की वर्तुळ होते. दोन वेगवेगळ्या निकषांची सांगड घालून केलेल्या क्रमात हा धोका नेहमीच असतो. ज्येष्ठतेची यादी करताना काही जोड्यांस वयाचा व काही जोड्यांस सेवाकाळाचा निकष लावला तर कोणाही कचेरीत हाच अनुभव येईल.

व्हायरो यांची दुरुस्ती मार्च २०२४ च्या ६.८ आवृत्तीत प्रसिद्ध झाली. त्यांनी नवे कुलूप आणले नाही. उलट अनावश्यक कुलुपे कमी केली. पालक बदलत नसेल तर पालकाकडे निर्देश करणारी नोंद बदलण्याचे कारणच नाही. म्हणून हलणाऱ्या निर्देशिकेस कुलूप लावण्याचेही प्रयोजन नाही. तालुक्याचे केवळ नाव बदलले आणि जिल्हा तोच राहिला, तर तालुक्याच्या दफ्तरातील ‘जिल्हा’ हा रकाना कोण कशाला उघडील? पालक बदलत असेल तेव्हाच त्या निर्देशिकेस कुलूप लावावे. आणि तेव्हा नामांतर-कुलूप आधीच हाती असते. यातून एक सुटसुटीत हमी मिळते : एकाहून अधिक निर्देशिकांस कुलूप लावणारी प्रत्येक क्रिया एक तर नामांतर-कुलूप घेते, नाही तर आधी पालकास व मग त्याच्या अपत्यास कुलूप लावते.

त्याच वेळी जुन्या सिद्धतेतील दुसरी उणीव उघड झाली, आणि ती अधिक मार्मिक आहे. नामांतर-कुलूप हाती असेपर्यंत कोणाचे पूर्वजत्व बदलत नाही, असे सिद्धतेत गृहीत होते. परंतु जाळ्यावरून फाईली पुरवणाऱ्या सेवेस कधी कधी एखादी निर्देशिका तिचा वरचा मार्ग ज्ञात नसतानाच उघडावी लागते. अशी निर्देशिका काही काळ मुख्य वृक्षापासून तुटलेल्या उपवृक्षाचे मूळ म्हणून राहते आणि मार्ग सापडताच वृक्षास जोडली जाते. या जोडणीस नामांतर-कुलूप रोखत नाही. परिणामी ‘ही तिची पूर्वज नाही’ हा निर्णय घेतल्यानंतर आणि कुलूप लावण्यापूर्वी ती पूर्वज होऊ शकते. दोन निर्देशिका आधीच एका वृक्षात असतील तरच त्यांचे नाते स्थिर. नसतील तर नाही. दुरुस्तीनंतर दोहोंस समान पूर्वज सापडला नाही तर प्रणाली प्रतीक्षा न करता चूक-सूचना देऊन परत फिरते. आज्ञावलीबरोबर टिपणातील सिद्धताही नव्याने लिहिली गेली.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही घटना परिचित वाटेल. पाठ अनेकांनी वाचला होता, त्याचा आधार घेऊन पुष्कळ आज्ञावली लिहिली गेली होती. तरीही ‘वृक्ष’ या एका शब्दात ‘सर्व निर्देशिका एकाच वृक्षात आहेत’ हे अनुक्त गृहीत दडले होते. ते सापडले ते नव्या यंत्रामुळे नव्हे, जुने वाक्य पुन्हा काटेकोरपणे तपासल्यामुळे.

६. पारिभाषिक विचार

या दोषास मराठीत काय म्हणावे? ‘कोंडी’ हा शब्द वृत्तपत्रांनी वाहतुकीच्या संदर्भात रूढ केला आहे. परंतु वाहतुकीची कोंडी काही वेळाने सुटते. संगणकातील कोंडी बाहेरच्या हस्तक्षेपावाचून कधीच सुटत नाही. ‘गतिरोध’ हा शब्द कारण सांगत नाही. सामान्य व्यवहारास ‘कोंडी’ पुरेसा असला तरी शास्त्रास प्रकारभेद दाखवणारे शब्द हवेत, आणि ते आपल्या परंपरेत सिद्ध आहेत.

भवभूती स्वतःस पदवाक्यप्रमाणज्ञ म्हणवतो. अर्थात व्याकरण, मीमांसा आणि न्याय ही तिन्ही शास्त्रे तो जाणत होता. यांपैकी न्यायशास्त्रात आत्माश्रय, अन्योन्याश्रय आणि चक्रक असे दोष सांगितले आहेत. एखाद्या गोष्टीची सिद्धी तिच्यावरच अवलंबून असेल तर आत्माश्रय. दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून असतील तर अन्योन्याश्रय. तीन किंवा अधिक गोष्टींची अशी साखळी मूळ स्थानी परत येत असेल तर चक्रक. संगणकातील कोंडीचे प्रकारही नेमके हेच आहेत. स्वतःच्याच हाती असलेल्या कुलपाची प्रतीक्षा करणारी प्रक्रिया हा आत्माश्रय. आमगाव-सालेकशाचे उदाहरण हा अन्योन्याश्रय. क, ख, ग यांचे वर्तुळ हा चक्रक. नैयायिकांस यंत्रे ठाऊक होती असा दावा येथे मुळीच नाही. त्यांचा विषय मुख्यतः लक्षणे व युक्तिवाद हा होता. तथापि अवलंबनाचा आकार दोन्हीकडे एकच असल्याने संज्ञा उसनी घेणे न्याय्य ठरते.

परिहारासाठी ‘क्रम’ हा मीमांसेचा शब्द आहे. जैमिनीच्या सूत्रांचा पाचवा अध्याय यज्ञकर्माच्या क्रमास वाहिलेला असून श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती अशी क्रमनिर्णयाची सहा साधने परंपरेने मानली आहेत. ही साधने परस्परांशी विसंगत निर्णय देऊ लागली तर कोणते बलवान, याचाही विचार तेथे केलेला आहे. २०२३ च्या नियमातील उणीव याच जातीची होती. नाते आणि पत्ता अशी क्रमाची दोन साधने त्याने घेतली; प्रत्येक जोडीपुरता त्यांचा मेळ घातला, सर्व जोड्यांचा एकत्र घातला नाही.

‘कुलूप’ हा अरबी-फारसीतून आलेला व ‘टाळे’ हा संस्कृतोद्भव, असे दोन्ही शब्द मराठीत नांदतात. ‘टाळे’ हा शब्द टाळेबंदीच्या अर्थाने बंद करून टाकण्याशी जोडला गेला आहे. उघडझाप होणाऱ्या साधनास ‘कुलूप’ अधिक योग्य. फाईलसाठी ‘नस्ती’ हा शासकीय व ‘धारिका’ हा संगणकीय पर्याय सुचवला गेला असला तरी ‘फाईल’ शब्द खेड्यापाड्यांतही रुळला असल्याने येथे तोच ठेवला आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

(१) कोंडी हा कुलपाच्या दुर्बलतेचा दोष नसून क्रमाच्या अभावाचा दोष आहे; एकेरी लोहमार्गापासून फाईल-व्यवस्थेपर्यंत त्याचे स्वरूप एकच राहिले आहे.

(२) प्रत्येक जोडीस उत्तर देणारा नियम म्हणजे क्रम नव्हे. तो संक्रामक असल्याचे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

(३) अशा नियमांची अखेरची तपासणी लिखित सिद्धतेच्या वाचनाने होते. म्हणून तांत्रिक टिपणे काटेकोर भाषेत लिहिणे व ती चिकित्सकपणे वाचणे हे आज्ञावली लिहिण्याइतकेच महत्त्वाचे कार्य आहे.

(४) मराठीत हा विषय शिकवताना आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि क्रम या संज्ञांचा स्वीकार करावा. त्या केवळ प्रतिशब्द नसून दोषाचे वर्गीकरणही त्यांत आहे.

यांतील तिसरी गोष्ट विशेष विचारणीय आहे. आज रेल्वेचे आरक्षण, सातबारा, रुग्णालयाची नोंद ही सर्व कोणत्या ना कोणत्या फाईल-व्यवस्थेत साठवली जातात, आणि एखाद्या अनुक्त गृहीतामुळे तेथील काम निमूटपणे थांबू शकते. ज्यांस ही व्यवस्था पुढे सांभाळावयाची आहे त्यांतील अनेकांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असेल. सिद्धतेतील वाक्य कोठे लंगडे आहे हे त्यांस आपल्या भाषेत विचार करून सांगता यावे, एवढी सिद्धता त्या भाषेची करणे हे आपल्या विभागांचे काम होय.